भिंतीवरच्या गमरेताई

नायगावच्या बीडीडी चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. मधोमध लांबलचक अंधारा व्हरांडा, दोन्ही बाजूंना ओळीने खोल्या आणि जवळजवळ प्रत्येक दारात कुणीतरी बसलेलं. कुणी तांदूळ निवडतंय, कुणी मुलीची वेणी घालतंय. त्यामुळे भर दुपारी एखादं दार लावलेलं दिसलं, की आत काहीतरी आहे हे सगळ्या मजल्याला कळतं. अशाच एका बंद दारासमोर मी गमरेताईंना पहिल्यांदा पाहिलं. पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, चप्पल दाराबाहेर काढून ठेवलेल्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी गुलाबी साडी, आणि मोठ्या आवाजात चाललेलं, "अगं उघड की! नवीन माल आलाय. नुसता बघ, घेऊ नको."

दार उघडलं. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तू पोस्टरवाली ना? डॉक्टरीणबाईंनी पाठवलेली? चल आत." आत जाताच त्यांनी कडी लावली, सरळ पलीकडे जाऊन खिडकी उघडली आणि साडी पलंगावर फेकून पिशवीच्या तळातून गोळ्यांची पट्टी काढली.

पलंगावर रेश्मा बसली होती. तेवीस वर्षांची, दादरला चष्म्याच्या दुकानात कामाला. तिने गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायली. गमरेताई तिच्यासमोर बसून म्हणाल्या, "हं, आता सांग. काल काय जेवलीस?"

"भेंडी."

"कुणी केली? तू का आईने?"

पाच मिनिटं नुसत्या भेंडीवर गप्पा. मला वाटलं, काय मायाळू बाई आहे! जिन्यात आल्यावर त्यांनीच सांगितलं, "माया आहेच गं. पण बोलायला लावलं की कळतं, गोळी पोटात गेली का गालात ठेवली. हातात दिली म्हणजे दिली नाही. पोटात गेली म्हणजे दिली."

गमरेताई, म्हणजे शालन गमरे, नायगावला पालिकेच्या हेल्थ पोस्टवर, म्हणजे छोट्या दवाखान्यात, आरोग्यसेविका होत्या. टीबीच्या पेशंटना घरी जाऊन डोळ्यांदेखत गोळ्या घ्यायला लावायच्या, हे त्यांचं मुख्य काम. आणि ते काम त्या खोटं बोलून करायच्या. रेश्माकडे त्या साडीवाली; नोकरीबरोबर साड्यांचा जोडधंदा, असं त्यांनी चाळीत पसरवलेलं. पलीकडच्या इमारतीत एका शिपायाच्या घरी विमावाली. डिलाईल रोडला एका घरी सुनेच्या माहेरची लांबची मावशी. शीव कोळीवाड्यात एक कोळीण होती, तिच्याकडे त्या पापलेटचा भाव करायला जायच्या आणि खरंच हुज्जत घालायच्या. 'टीबी' हा शब्द त्यांच्या तोंडून मी व्हरांड्यात कधी ऐकला नाही. कोरोनानंतर लोक नुसत्या खोकल्यालाही दचकायला लागले होते; त्या आजाराचं नाव उघडपणे घेणं म्हणजे त्या घराला पाटी लावल्यासारखंच होतं.

"एवढी सगळी खोटी लक्षात कशी राहतात तुमच्या?" मी एकदा विचारलं.

"खोटं बोलायला डोकं लागतं, बाय," त्या म्हणाल्या. "खरं काय, कुणीही बोलतं."

मी त्यांच्याकडे आले होते ते माझ्या स्वार्थासाठी. उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एका सामाजिक विषयावर जनजागृतीची पूर्ण जाहिरात मोहीम करायची असते. विषय चिठ्ठीने मिळतात. मला टीबी आला. मी गिरगावची, वडील बँकेत, आई शाळेत. टीबी आमच्या घरात फक्त जुन्या सिनेमात व्हायचा. तरी मी झपाटून काम केलं आणि सहा पोस्टर्स तयार केली. काळी पडलेली फुप्फुसं, रुमालाचा झालेला गळफास, एक्स-रेमधून वाकून बघणारी कवटी. सर म्हणाले, "छान आहे. आता ज्यांच्यासाठी केलंस त्यांना दाखवून ये."

त्या पहिल्या दुपारी रेश्माकडून परतल्यावर गमरेताईंनी हेल्थ पोस्टच्या टेबलावर ती सहाही पोस्टर्स एकेक करून पाहिली, आणि पाहून झालं की उलटं करून ठेवलं. शेवटचं उलटं केल्यावर म्हणाल्या, "हात सुंदर आहे तुझा. पण हे इथे लागलं ना, तर माझा पेशंट जिन्यातूनच परत जाईल. तू मेलेला माणूस दाखवलास. मला जिवंत माणसाला औषधाच्या सहाव्या महिन्यापर्यंत न्यायचंय."

मला राग आला होता, हे कबूल करते. त्यांना तो दिसला असणार. त्या उठल्या आणि छत्री काखेत मारून म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. चार दिवस नुसती चाल."

चार दिवसांचे पुढे दोन महिने झाले. कॉलेज सुटलं की मी नायगावला यायची. त्या भराभर चालायच्या. जिने मात्र सावकाश चढायच्या आणि प्रत्येक मजल्यावर उभं राहून खालच्या मजल्याची काहीतरी चौकशी करायच्या. दम लागतोय हे लपवण्याची ती रीत होती, पण तेव्हा मला ते कळलं नव्हतं. कुणाच्याही घरात शिरलं की पहिली खिडकी उघडायची. "वाऱ्याला आत येऊ द्या, वाऱ्याला बाहेर जाऊ द्या," हे त्यांचं पालुपद. "हा आजार बंद खोलीत पसरतो, ताटातून नाही."

हे 'ताटातून नाही' त्या फार ठासून म्हणायच्या. का, ते डिलाईल रोडला साळवीकाकांच्या घरी समजलं.

साळवीकाका सत्तरीचे, सडपातळ, एकेकाळी भजनात पेटी वाजवणारे. त्यांच्या सुनेने त्यांचा स्टीलचा पेला वेगळा ठेवला होता. चुकून मिसळू नये म्हणून त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा टिपका दिला होता. वाईट नव्हती ती. घरात तान्हं मूल होतं, घाबरलेली होती. आम्ही गेलो तेव्हा काका मोरीजवळ बसून स्वतःचा पेला स्वतः घासत होते. गमरेताईंनी ते पाहिलं. काकांना गोळ्या दिल्या, पेटीवर हल्ली काय वाजवता ते विचारलं, आणि मग सुनेला म्हणाल्या, "चहा टाक गं. साखर कमी."

त्या कुणाकडे चहा मागत नसत. सून कप काढायला लागली तशा म्हणाल्या, "कप नको. तो पेला दे. काकांचा."

सून हातात कप घेऊन तशीच उभी राहिली.

"अगं दे की. घासलाय त्यांनी आत्ताच."

सुनेने पेला दिला. गमरेताई सावकाश चहा प्यायल्या, शेवटच्या घोटापर्यंत. मग पेला पालथा करून त्या लाल टिपक्याकडे बघत म्हणाल्या, "ह्याला कुंकू कशाला लावलंयस?" आणि बोलता बोलता नखाने तो टिपका खरवडून काढला. साळवीकाका मोरीकडे तोंड करून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते.

जिन्यात मी म्हणाले, "ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कसली? पेल्याची?" त्या थांबल्या. "वेगळं भांडं म्हणजे काय, ते माझ्या आजीने भोगलंय, चिपळूणकडे, गावाला. ओंजळीत वरून पाणी ओतायचे तिच्या. आम्ही ते सोडून मुंबईत आलो. आता ते आजाराचं नाव घेऊन परत घरात शिरलेलं बघितलं की माझ्याने नाही राहवत."

आमच्या गिरगावच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा कप बेसिनखाली, कोपऱ्यात उपडा घातलेला असायचा. लहानपणापासून रोज दिसत आला होता. त्या संध्याकाळी मी तो पहिल्यांदा पाहिला. उचलून वर, बाकीच्या कपांमध्ये ठेवला. आईने विचारलं, "हा इथे कुणी ठेवला?" मी म्हटलं, "मी."

मोहीम मला तिथेच सापडली. एक ट्रे, त्यात सहा सारखे कप, त्यातला एक उचलणारा हात. वर लिहिलं होतं, 'यातला टीबीच्या पेशंटचा कप कुठला? कळत नाही ना? कळायची गरजही नाही.' आणि खाली दोन छोट्या ओळी: 'भांडं वेगळं करू नका. गोळी चुकवू नका.' गमरेताईंना मी ओळी वाचून दाखवल्या तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आता कसं बोललीस! फोटो काढलास की आधी मला दाखव हां. छापायच्या आधी."

मी दाखवला नाही. माझ्या चुकीची सुरुवात तिथूनच आहे, म्हणून ते आधी सांगते.

हात खऱ्या पेशंटचा हवा, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. सर नेहमी म्हणायचे, जाहिरातीत खरेपणा दिसतो. रेश्माला विचारलं. तिचा औषधाचा चौथा महिना चालू होता, वजन वाढलं होतं, तोंडावर तुकतुकी आली होती. नुकताच साखरपुडा झाला होता. ती म्हणाली, "नुसता हात ना? चेहरा नाही? मग काढ." तिच्या खोलीतच खिडकीपाशी फोटो काढला. उजेड सुंदर होता. बोटातली अंगठी त्या उजेडात चमकली, आणि मला ती आवडली. मी खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकलंही, 'छायाचित्रातला हात उपचार घेत असलेल्या एका तरुणीचा आहे.'

सादरीकरणाची तारीख डोक्यावर होती. गमरेताई पेशंटच्या गोळ्या घरोघरी देऊन तीन आठवड्यांसाठी भावाच्या घरी लग्नाला गावी गेल्या होत्या. मी पोस्टर थेट हेल्थ पोस्टच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांना इतकं आवडलं की त्यांनी काही प्रती छापून घेतल्या, आणि नायगाव, डिलाईल रोड आणि दादरच्या बाजारपेठेत त्या लागल्या. रस्त्यावर स्वतःचं काम पहिल्यांदा बघताना काय वाटतं, ते सांगता येत नाही. मी दादरला एका भिंतीसमोर उभं राहून माझा फोटो काढून घेतला होता.

रेश्माच्या होणाऱ्या नणंदेने ते पोस्टर त्याच बाजारात पाहिलं. अंगठी तिनेच पसंत केली होती. फुलाच्या आकाराची, मधली एक पाकळी मुद्दाम वाकडी. खालची बारीक ओळ तिने वाचली. दोन दिवसांत लग्न मोडलं. निरोप फोनवरच आला.

गमरेताई गावाहून परतल्या त्या दिवशी सकाळी अकराला त्यांचा फोन आला. "नायगावला ये. आत्ता."

मी गेले तेव्हा त्या रेश्माच्या बंद दारासमोर उभ्या होत्या. हातात पिशवी होती, पण साडी नव्हती. रेश्माची आई कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला जायची, भाऊ शाळेत. आत रेश्मा एकटीच होती. आठ दिवस तिने गोळी घेतली नव्हती.

मी रडायला लागले. गमरेताई म्हणाल्या, "ते नंतर. आत्ता नुसती बस इथे."

त्या दाराला टेकून जमिनीवर बसल्या. मी समोरच्या भिंतीशी. त्यांनी हळू आवाजात हाक मारली. मग जरा मोठ्याने. आतून एकदाच आवाज आला, "जा तुम्ही. नाही घेणार मी. मेले तर मेले."

व्हरांड्यातली सगळी दारं उघडी होती. पलीकडे एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडत होती, कुणाचा तरी टीव्ही चालू होता.

"रेश्मा," गमरेताई म्हणाल्या, आणि नेहमीसारखा आवाज खाली आणला नाही. "मी आज साडी आणली नाही. मला टीबी झाला होता."

सूप थांबलं.

"ऐकतेस ना? मला, शालन गमरेला, टीबी झाला होता. ह्याच चाळीत. पलीकडच्या इमारतीत. मी सत्तावीस वर्षांची होते. सासूला कळलं तर माहेरी पाठवेल, म्हणून गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवायचे. दोन महिन्यांनी बरं वाटलं, सोडून दिल्या. खोकला परत आला. मी सगळ्यांना सांगायचे, धुळीचा आहे."

कुणीतरी टीव्ही बंद केला. दारांमध्ये माणसं येऊन उभी राहिली होती. गमरेताई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. दाराच्या फळीकडे बघून बोलत होत्या.

"माझी पोर माझ्या कुशीत झोपायची. सहा वर्षांची. तिला ताप यायला लागला. उतरेचना. डॉक्टरने विचारलं, घरात कुणाला टीबी आहे का? सासू उभी होती, नवरा उभा होता. मी म्हटलं, नाही." "एवढंच. एक शब्द. डॉक्टर तापाचं औषध देत राहिले. टीबी मेंदूत गेला होता. कळलं तेव्हा उशीर झाला होता. ती गेली. आणि ती गेल्यावरसुद्धा मी कुणाला सांगितलं नाही. नवरा वारला, त्यालाही नाही. आज तुला सांगतेय."

पलीकडच्या म्हातारीने सूप खाली ठेवलं.

"तुझं लग्न मोडलं ते वाईट झालं. ह्या पोरीला तुझ्या घरात मी आणलं, तेव्हा ते माझ्याचमुळे मोडलं. मला पाहिजे ते बोल. पण गोळी सोडू नको गं. तुझा भाऊ ह्याच खोलीत झोपतो."

कडी वाजली. दार हातभर उघडलं. रेश्माचा चेहरा सुजलेला होता. ती गमरेताईंकडे बघत राहिली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ही आत येणार नाही."

"नाही येणार," गमरेताई म्हणाल्या आणि एकट्या आत गेल्या. मी बाहेर बसून राहिले. आतून खिडकी उघडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोस्टर्स काढायला निघालो. बादली, फडकं आणि लाकडी पट्टी. कागद भिजवायचा, थांबायचं, मग खरवडायचा. माझी बोटं सोलली. मला त्या शेवटपर्यंत एकही शब्द टोचून बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागायचं. नायगावच्या नाक्यावरचं शेवटचं पोस्टर निघालं तेव्हा त्या भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"रिकामी भिंत बरी दिसत नाही," त्या म्हणाल्या. "माझा फोटो लाव."

"ताई, नको."

"का? मला काय आता लग्न करायचंय?" आणि स्वतःच हसल्या. त्या दिवसांतलं ते एकच हसू मला आठवतं. मग म्हणाल्या, "सगळ्या व्हरांड्याला कळलंय. उरलेल्यांनाही कळू दे. पण लिहायचं मी सांगेन तेच."

फोटोसाठी त्या निळ्या काठांची पांढरी साडी नेसून आल्या, जी त्या चौदा एप्रिलला नेसायच्या. हेल्थ पोस्टच्या गच्चीवर उभ्या राहिल्या. "हसायला सांगू नको. रडवेलीही काढू नको. आहे तशी काढ." मजकूर त्यांनी तोंडी सांगितला, मी लिहून घेतला: 'मला टीबी झाला होता. मी लपवला. तुम्ही लपवू नका.' मी मधलं वाक्य काढून पाहिलं. त्यांच्यावर उगाच दोष येतो, असं वाटलं. त्यांनी कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "तेच तर खरं आहे. ते काढलंस तर फोटोत राहिलं काय? एक म्हातारी."

त्या पोस्टरला कॉलेजच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. मी त्यांना बोलावलं होतं. त्या आल्या नाहीत. गोळ्यांची वेळ होती.

पुढे जे झालं त्याचा विचार आम्ही दोघींनीही केला नव्हता. आता त्या भिंतीभिंतीवर होत्या. नायगावच्या नाक्यावर, डिलाईल रोडच्या कोपऱ्यावर, बाजारात. त्यामुळे त्या साडीवाली राहिल्या नाहीत, विमावालीही नाही, कुणाची लांबची मावशीही नाही. त्या ज्या दारात उभ्या राहतील त्या घरात टीबी आहे, हे रस्त्यावरचं पोरगंही सांगू शकलं असतं. एकेक घर त्यांना फोन करून सांगायला लागलं, "ताई, तुम्ही नका येऊ. दुसऱ्या कुणाला पाठवा." शिपायाच्या बायकोने तर हात जोडले. फक्त कोळीवाड्यातली कोळीण म्हणाली, "येत जा गो, मला काय करायचंय लोकांचं!" पण एका कोळणीसाठी कुणी आरोग्यसेविका ठेवत नाही. डॉक्टरीणबाईंनी नाइलाजाने त्यांना हेल्थ पोस्टमध्येच बसवलं, रजिस्टरं भरायला.

मी भेटायला गेले तेव्हा त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. "बसून बसून कंबर धरते," म्हणाल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तशी त्यांनी बोटाने दाराकडे दाखवलं. दाराशी एक मध्यमवयीन बाई घुटमळत होती. पदर तोंडाला, हातात पोस्टरचा मोबाइलवर काढलेला फोटो. "ह्या बाई इथेच बसतात का?" तिने विचारलं. गमरेताई म्हणाल्या, "या. बसा. खोकला किती दिवसांचा?"

अशी माणसं येत होती. रोज नाही, झुंडीने तर नाहीच. पण येत होती, आपल्या पायाने. ताईंना त्याचं समाधान होतं का? मला वाटतं, होतं. आणि तरी, दुपारी गोळ्यांची वेळ झाली आणि नवीन मुलगी पिशवी घेऊन बाहेर पडली, की त्या जिन्यापर्यंत तिच्या मागे जायच्या आणि परत येऊन बसायच्या.

दुसरी किंमत मला फार उशिरा कळली. त्यांचा मुलगा बदलापूरला राहायचा, बहिणीच्या वेळी तो तीन वर्षांचा होता. ती तापाने गेली एवढंच त्याला ठाऊक होतं. खरं त्याने आधी भिंतीवर वाचलं, उरलेलं चाळीतून कळलं. तो येऊन एकच वाक्य बोलला म्हणे, "आई, मला आधी सांगायचं होतंस." आणि मग वर्षभर आला नाही. हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ताईंनी कधी सांगितलं नाही.

रेश्माचा कोर्स पूर्ण झाला. तिची इमारत पुनर्विकासात रिकामी झाली, तेव्हा आई आणि भावाला घेऊन ती कुठेतरी उपनगरात गेली. ती कशी आहे, हे मला माहीत नाही. विचारायचा हक्क मला आहे, असंही वाटत नाही.

गमरेताईंची खोलीही त्याच सुमारास गेली. नवीन जागा मिळेपर्यंत त्या शीव कोळीवाड्याला भाड्याने राहिल्या. नोकरी संपली होती. जुन्या टीबीने फुप्फुसं आतून आक्रसून गेली होती. आता ती थकली होती. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी त्या गेल्या. मुलगा शेवटचे दोन महिने जवळ होता, एवढं मला नंतर कळलं. टॉवरमधल्या घराची चावी त्यांनी पाहिली नाही.

त्याच्या पाच-सहा महिने आधी त्या मला नायगावला दिसल्या. मी एका जाहिरात कंपनीत नोकरीला लागले होते, मीटिंगला जाताना टॅक्सीतून बस स्टॉपवर त्यांना पाहिलं आणि उतरले. त्या बाकावर बसल्या होत्या, फार बारीक झाल्या होत्या. जुन्या शेजारणीला भेटायला आल्या होत्या म्हणाल्या. चार शब्द बोलायचं, थांबायचं, मग पुढचे चार.

"टॅक्सीने सोडते मी, ताई."

"नको. बस येईल. सीट मिळते मला आता, म्हातारी झाले."

मी शेजारी बसले. इतकी वर्षं जे विचारायचं राहिलं होतं, ते त्या दिवशी का विचारलं माहीत नाही. त्यांचं दुःख मी पोस्टरवर छापलं होतं, शहराला वाचायला लावलं होतं, आणि एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती.

"ताई, तिचं नाव काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं, जणू आजवर कुणी हे विचारलंच नव्हतं.

"प्रज्ञा," त्या म्हणाल्या. "पहिलीत होती. पाटीवर सारखी नाव लिहायची. 'प्र' अगदी छान काढायची." बस आली होती, कुणीतरी त्यांना हात देऊन चढवत होतं. पायरीवरून त्या मागे वळल्या. "'ज्ञ' तेवढा जमत नव्हता गं. मी म्हणायचे, येईल, मोठी झालीस की येईल."